दहावी ब, उभे राहा

एकूण एक उभे राहा. ज्यांनी लिहिलं ते, ज्यांनी त्यावर अंगठे दाखवले ते, आणि ज्यांनी सगळं वाचून फोन उशाखाली सारला तेसुद्धा.

एका गुरुपौर्णिमेला तुम्ही मला तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलंत. ‘१९९८ दहावी ब’. तुम्ही चौसष्ट, मी पासष्टावी. फुलं आली, नमस्कार आले, “बाई, तुमच्यामुळे घडलो” असं कितीजणांनी लिहिलं. मग मी तिथे आहे हे तुम्ही विसरून गेलात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. समोर आलेलं लिखाण न वाचता सोडायची मला सवय नाही. एका शुक्रवारी रात्री साडेनऊ ते पावणेबारा या वेळात तुम्ही एकशे अठरा मेसेज लिहिलेत. ते मी सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून पुन्हा वाचले, कारण रात्री वाचलेलं माझ्याच मुलांनी लिहिलंय यावर विश्वास बसत नव्हता.

विषय होता पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात सक्ती हा शब्द गेला, पण हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गातली किमान वीस मुलं लागतील अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. या सगळ्यावर महाराष्ट्र बोलला, भांडला, रस्त्यावर आला. भांडायलाच हवं होतं. मी स्वतः या वयात दोन सभांना जाऊन बसले. त्यामुळे तुम्ही भांडलात म्हणून मी चिडले आहे असा समज कोणी करून घेऊ नका.

मी चिडले आहे ती तुम्ही कसे भांडलात म्हणून. आणि कोणाशी भांडलात म्हणून.

ती तुमच्याच वर्गातली. पहिल्या बाकावर खिडकीशी बसायची. आज मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने रात्री नऊ चाळीसला अकरा ओळी लिहिल्या. त्या तुमच्यापैकी कितीजणांनी शेवटपर्यंत वाचल्या? मी इथे पुन्हा सांगते, कारण तुम्ही वाचल्या नाहीत याची मला खात्री आहे. ती म्हणाली, माझ्या वर्गातली मुलं घरी कोरकू बोलतात. त्यांना मराठी हीच दुसरी भाषा आहे. ‘पाणी’, ‘झाड’, ‘आई’ हे शब्दसुद्धा मी त्यांना चित्रं दाखवून शिकवते. त्यामुळे पहिलीत तिसरी भाषा नको, असं मी अनुभवाने सांगते. पण आपण सगळे मराठीसाठी एवढं बोलतो आहोत, तर आपल्यापैकी कितीजणांची मुलं मराठी शाळेत आहेत, हेही एकदा एकमेकांना विचारू या.

बस. एवढंच. यात कुठे शिवी आहे? कुठे कोणाचं नाव आहे? आणि तिचं मत तुमच्याहून वेगळं तरी कुठे आहे? जे तुम्हाला नको होतं तेच तिलाही नको होतं. तुमच्यापेक्षा जास्त कारणं देऊन नको होतं.

पहिलं उत्तर आलं ते नऊ एकेचाळीसला. एका मिनिटात. “आली हिंदीची वकील.” अरे, एका मिनिटात अकरा ओळी वाचून, समजून, विचार करून उत्तर लिहिणारा विद्यार्थी मला छत्तीस वर्षांत भेटला नाही, आणि तू तर कधीच तसा नव्हतास. तू शेवटची ओळ वाचलीस, ती तुला झोंबली, कारण तुझी दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत जातात, आणि झोंबलेल्या जागेवर फुंकर घालायची तर समोरचीला गुन्हेगार ठरवणं सोपं होतं. आठव, आकलनाचा उतारा. उतारा आधी दोनदा वाचायचा, मग प्रश्न वाचायचे, मग उत्तर लिहायचं, हे मी तुम्हाला पाचवीपासून सांगत आले. पहिला प्रश्न कायम एकच असायचा: लेखकाचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा. या प्रश्नाचं उत्तर ज्याला लिहिता येत नाही, त्याला पुढे आपलं मत लिहिण्याचा हक्क नाही. त्या रात्रीच्या उत्तरांपैकी एकालाही या प्रश्नाचे गुण मिळाले नसते.

दुसऱ्याने तिचं शुद्धलेखन काढलं. तिने घाईत ‘लोकं’ लिहिलं आणि एका ठिकाणी ‘आनि’ उमटलं. त्यावर तुझी टिप्पणी: “आधी स्वतः मराठी शिक.” मी मराठी शिकवलं तुम्हाला. ऱ्हस्व-दीर्घ, ‘न’ आणि ‘ण’, अनुस्वार, यांसाठी मी तुमच्या वह्या लाल केल्या, हे खरं. पण कशासाठी? लिहिणाऱ्याचं म्हणणं वाचणाऱ्यापर्यंत सरळ पोचावं म्हणून. शुद्धलेखन समोरच्याला कळावं म्हणून असतं, समोरच्याला हिणवण्यासाठी मी ते शिकवलेलं नाही. तिचं म्हणणं तुला कळलं नव्हतं का? कळलं होतं. कळलं, उत्तर सुचलं नाही, म्हणून तू तिच्या ‘न’ला लटकलास. या महाराष्ट्रात नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत मराठी पंचवीस तऱ्हांनी बोलली जाते. घरात जे बोललं जातं ते माणसाच्या बोटांतून घाईत उतरतंच. एखाद्याच्या बोलीवरून त्याची लायकी ठरवणं हा जातीवरून लायकी ठरवण्याचाच शेजारचा दरवाजा आहे. आणि तो दरवाजा त्याच रात्री, दहा पाचला, उघडला गेलाच. “कोट्यातून नोकरी, आणि आम्हाला शहाणपण.” हे लिहिणाऱ्याला मी ओळखते. तुझ्या वडिलांना मी ओळखत होते. ते असते तर त्यांनी तुला या वयातही घराबाहेर उभं केलं असतं.

तिसऱ्याने जे लिहिलं ते मी इथे उतरवणार नाही. तिच्या मोडलेल्या संसाराबद्दल होतं. तिच्या नवऱ्याने तिला का सोडलं असेल, याबद्दल तुम्ही चौघांनी तर्क केलेत आणि त्याखाली हसणारे चेहरे टाकलेत. पहिलीतल्या मुलांना कोणती भाषा शिकवावी या प्रश्नाशी तिच्या नवऱ्याचा काय संबंध? कोणीतरी मला हा धागा जोडून दाखवावा. पुरुषाने मत मांडलं की तुम्ही त्याच्या पक्षावर घसरता, आणि बाईने मांडलं की थेट तिच्या अंथरुणावर. ही तुमची एकट्यांची घाण नाही. कुठल्याही बातमीखाली, कुठल्याही मुलीच्या फोटोखाली उतरून बघा, हीच सांडलेली दिसते. पण तिथली माणसं माझ्या वर्गात नव्हती. तुम्ही होतात.

३ जानेवारीला याच ग्रुपवर सावित्रीबाईंचे फोटो आले होते. मी मोजले, एकवीस. १८४८ साली भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जाताना वाटेत अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं ठेवत, ही गोष्ट तुमच्यातल्या एकाने फार हृद्य शब्दांत लिहिली होती. त्या शुक्रवारी डोंगरातल्या मुलांना शिकवणाऱ्या एका बाईवर त्यानेच हसणारा चेहरा टाकला. शेण फेकणारे त्या काळी रस्त्याच्या कडेला उभे असत, निदान त्यांची तोंडं दिसत. तुम्ही अंथरुणात पडून फेकलंत.

आता तुमच्या बचावाकडे येते. तो मी सविस्तर वाचला, कारण त्यात निदान एक युक्तिवाद होता. रात्री अकराच्या सुमारास एकाने लिहिलं: मराठी माणूस रांगडाच असतो, गोड बोलणं आपल्याला जमत नाही, आचार्य अत्रे वाचा म्हणजे कळेल. याला बऱ्याच जणांनी दुजोरा दिला.

ठीक आहे. अत्रे वाचू या. अत्रे मुळात शिक्षक होते, पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ त्यांनी केली. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ आली. त्यात त्यांनी त्या वेळच्या कवींची जी विडंबनं केली, ती वाचून बघा. ज्याचं विडंबन करायचं त्याची कविता आधी पाठ असावी लागते, त्याचं वृत्त, त्याचे लाडके शब्द, त्याची लकब हातात यावी लागते. ज्याच्यावर तुटून पडायचं त्याला आधी एवढं वाचलं त्यांनी. पुढे ‘मराठा’ दैनिक काढलं ते १९५६ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धुमश्चक्रीत. तिथे त्यांची लेखणी अनेकदा मर्यादा सोडून गेली, हे मी तुमच्याआधी म्हणेन. मला ते तेव्हाही आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. पण ते लिहिलं त्यांनी संपादक म्हणून आपलं नाव छापून, सत्तेत बसलेल्या, उलट उत्तर द्यायला समर्थ असलेल्या माणसांविरुद्ध, आणि सकाळी त्याच नावाने लोकांसमोर जाऊन उभे राहिले. धारणीतल्या एकट्या शिक्षिकेवर तुम्ही चौघे रात्री तुटून पडलात. यात अत्र्यांचं काय आहे ते मला दाखवा. मोठ्या माणसाचा दोष तेवढा उचलायचा आणि त्याची मेहनत सोडून द्यायची, याला वारसा म्हणत नाहीत.

आपली भाषा गुळमुळीत कधीच नव्हती. आपल्या संतांनी ढोंगाला फोडून काढलं, चिपळूणकरांनी निबंधमालेतून लोकहितवादींवर आणि जोतीरावांवर आसूड ओढले, आगरकरांची तर ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. त्या आगरकरांचीच गोष्ट घ्या. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी दिवाण बर्वे यांच्यावर केसरी-मराठ्यातून आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारावर केले ती बनावट निघाली. तेव्हा त्यांनी काय केलं? माफी मागितली. ती मागूनही शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. पुढे दोघांची मतं इतकी दुरावली की आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यानंतर दोघे एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत राहिले, फार कडवट लिहीत राहिले. १८९५ साली आगरकर गेले तेव्हा केसरीत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

मी हे का सांगते? तुमच्यापैकी दोघांनी शनिवारी सकाळी आपापले मेसेज पुसून टाकले म्हणून. आता तिथे फक्त ‘हा मेसेज हटवला आहे’ अशी करडी ओळ दिसते. पुसलं म्हणजे झालं, असं तुम्हाला वाटलं. ज्याचं चुकलं असं त्याला कळतं तो तसं सांगतो. पुसणारा फक्त सापडायचं टाळतो. वहीतली चूक खोडरबराने घालवायची नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि पुढे बरोबर लिहायचं, हा माझा नियम होता. का होता ते आज तरी समजून घ्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण एकाने “फ्रीडम ऑफ स्पीच” असंही लिहिलं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या नुसत्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. आपलं मत मांडलं म्हणून कोणाला पोलिसांनी उचलून नेऊ नये, यासाठी ते स्वातंत्र्य मिळालं आहे. ते स्वातंत्र्य तिचं होतं. तिने मत मांडलं होतं. तुम्ही मत मांडलंच नाहीत, तुम्ही तिला मांडू दिलं नाहीत. आणि बाईच्या अब्रूवर शब्दाने हात टाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमाखाली आजही गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ती पोलिसांत जाणार नाही, मी तिला ओळखते. तुम्हीही तिला ओळखता, म्हणूनच तुमची हिंमत झाली.

ॲडमिन, आता तू. तू वर्गाचा मॉनिटर होतास. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे. तूच ते मागे एकदा ग्रुपवर टाकलं होतंस. न्यायालयात तू सुटशील. पण तुझ्या हातात काय नव्हतं? कोणाचाही मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी काढता येतो. ग्रुप रात्रीपुरता बंद करता येतो, फक्त ॲडमिन लिहील असं करता येतं. आणि यातलं काहीच न करता नुसतं एक वाक्य लिहिता येतं: “ती आपल्या वर्गातली आहे, शब्द आवरा.” तू जागा होतास. साडेअकराला क्रिकेटचा स्कोअर टाकलास तू. आणि शनिवारी सकाळी सहाला गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’, पाठोपाठ आणखी सात चित्रं, म्हणजे रात्रीचं सगळं वर सरकून दिसेनासं व्हावं. मला फार वाईट वाटलं ते त्या गुलाबाचं.

आणि उरलेले पन्नास. तुमच्याबद्दल लिहिताना माझा हात सर्वांत जड होतो आहे, कारण तुम्ही चांगली मुलं आहात. तुमच्यातल्या कोणालाही ते आवडलं नसणार. तुम्ही स्वतःशी म्हणालात, कशाला मध्ये पडा, विषय वाढेल. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेची तयारी आठवते का? बाजू तुम्ही निवडायची नाही, चिठ्ठी निघेल ती बाजू घ्यायची. आणि आपली बाजू मांडण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला मान्य होईल असं मांडून दाखवायचं, मग खोडायचं. तुम्ही कुरकुर करायचात, पण शिकलात. जिल्ह्याची ढाल आणलीत एकदा. त्या सभागृहात एका मुलाने प्रतिस्पर्धी मुलीच्या तोतरेपणाची नक्कल केली, तेव्हा पंचांनी काही म्हणण्याआधी तुमच्यातलेच तिघे उठून उभे राहिले होते. तुम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतात. आज पंचेचाळिशीला टेकलात, कोणी बँकेत साहेब आहे, कोणी सोसायटीचा चेअरमन आहे, दोघी स्वतः शिक्षिका आहेत, आणि एकाही हाताने एक ओळ लिहवली नाही. तिच्यावर चौघे बोलले. पण तिने वाट पाहिली ती तुमची. पावणेबारापर्यंत.

कसं कळलं म्हणता? मी तिला रविवारी फोन केला.

तिने ग्रुप सोडला आहे. हे तुमच्या लक्षातही आलं नसेल, कारण आता कोणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना सगळ्यांना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. ॲडमिनने तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. फोनवर ती रडली नाही, तक्रार केली नाही. मुलांची चौकशी करावी तशी तुमची चौकशी केली. मग मला विचारलं, “बाई, माझ्या लिहिण्यात काही चुकलं होतं का? मला तसं म्हणायचं नव्हतं.” माझ्या विद्यार्थिनीला, जिने सगळ्यांत कमी शब्दांत सगळ्यांत नेमकं लिहिलं, तिला आपलं काहीतरी चुकलं असं वाटत होतं. पुढे ती म्हणाली, आता मी कुठे लिहिणार नाही. कोरकू मुलांना मराठी कशी शिकवावी याबद्दल या राज्यात अनुभवाने बोलू शकतील अशा थोड्या माणसांपैकी एकीला तुम्ही गप्प केलंत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ग्रुपचा फोटो बदलला होता. त्या भाषेची रोज पहाटे उठून चाकरी करणारी ती होती.

म्हणून आता काय करायचं ते नीट ऐका. ज्या चौघांनी लिहिलं त्यांनी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, आपल्या नावाने माफी लिहायची. “कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर” हे शब्द मला त्यात दिसता कामा नयेत. काय लिहिलं होतं आणि ते का चूक होतं, हे लिहायचं. ॲडमिनने ती माफी वर पिन करून ठेवायची आणि महिनाभर काढायची नाही. तिच्या अकरा ओळी माझ्याजवळ आहेत, त्या मी पुन्हा टाकेन. प्रत्येकाने त्या दोनदा वाचायच्या आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. विरोध असेल तर विरोध लिहा, कडक लिहा, मला आनंदच होईल. पण आधी तिचं म्हणणं तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहून दाखवा.

आणि फोन करा. ग्रुपवरची माफी तिला दिसणार नाही, ती तिथे नाही. तिच्या शाळेत रेंज येत नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती मोठ्या रस्त्याला एसटीची वाट बघत उभी असते, तेव्हा फोन लागतो. शाळा साडेदहाला भरते.